‘उगाच’ उभं राहण्याचा अभ्यास: शिल्पा फडके यांचं काम संशोधकाच्या नजरेतून

पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात: ‘माझा विषय पुरेसा मोठा आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी आज एका समाजशास्त्रज्ञ बाईंचं काम तुमच्यासमोर ठेवणार आहे. त्यांचा विषय ऐकायला अगदीच किरकोळ वाटतो. बायका रस्त्यावर उगाच, काही काम नसताना, उभ्या का राहू शकत नाहीत? बस्स, एवढाच.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. परिसंस्थाशास्त्रात पीएचडी करते, राहते वलवणला आणि पावसाळ्यात रात्री बेडकांचे आवाज ऐकून नोंदी करते. समाजशास्त्राचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते ‘पद्धत’ म्हणून वाचलेलं आहे: प्रश्न कसा विचारला, कुणाला विचारला, कोण सुटलं, आणि निष्कर्ष कुठवर ताणता येतो.

काम काय आहे?

शिल्पा फडके मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत माध्यम आणि सांस्कृतिक अभ्यास शिकवतात. २००३ ते २००६ या काळात मुंबईतल्या ‘पुकार’ संस्थेत ‘जेंडर अँड स्पेस’ नावाचा प्रकल्प चालला. त्यातून २०११ साली ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक आलं. लेखिका तिघी: समाजशास्त्रज्ञ फडके, पत्रकार समीरा खान आणि वास्तुरचनाकार शिल्पा रानडे. एकाच प्रश्नाला तीन शाखांच्या तीन नजरा मिळाल्या, हे पुस्तक वाचताना सतत जाणवतं. आंतरविद्याशाखीय हा शब्द आपण संशोधन आराखड्यात सहज टाकतो, तो प्रत्यक्षात कसा दिसतो हे बघायचं असेल तर हे पुस्तक बघा.

‘लॉइटर’ला मराठीत काय म्हणायचं? उनाडक्या करणं, उंडारणं, टवाळक्या, भटकणं. आता हेच शब्द मुलगा आणि मुलगी या दोघांना लावून बघा. ‘उनाड मुलगा’ म्हटलं की ऐकणारा थोडा हसतो. ‘उनाड मुलगी’ म्हटलं की हसू जातं आणि चारित्र्य येतं. ‘रिकामटेकडा’ आपल्याला रोज भेटतो, ‘रिकामटेकडी’ क्वचितच. कट्टा आणि पार या आपल्या मराठी समाजाच्या लाडक्या जागा. तिथे संध्याकाळी कोण बसलेलं असतं ते आठवा. म्हणजे पुस्तकातला प्रश्न आपल्या भाषेत आधीपासूनच आहे, फक्त तो प्रश्न म्हणून कुणी विचारलेला नव्हता.

प्रश्न उलटा केला, म्हणून काम मोठं झालं

स्त्रिया आणि शहर म्हटलं की नेहमीचा प्रश्न असतो: ‘बायका सुरक्षित कशा राहतील?’ या प्रश्नात उत्तर जवळपास लपलेलंच आहे. लवकर घरी या, एकट्या जाऊ नका, अमुक भाग टाळा. शिवाय ‘धोका कोणापासून?’ याचं उत्तरही आधीच ठरलेलं असतं: नाक्यावर उभा असलेला गरीब, परप्रांतीय किंवा मुसलमान तरुण. म्हणजे सुरक्षिततेच्या नावाखाली बाई घरात जाते आणि तो तरुण रस्त्यावरून हाकलला जातो.

या तिघींनी प्रश्न बदलला. त्यांचं म्हणणं साधारण असं: बाईला सार्वजनिक जागेत असायला ‘कारण’ दाखवावं लागतं. हातात पिशवी, बरोबर मूल, कानाला फोन, झपाझप चाल. ती कामावर चालली आहे किंवा कामावरून परत येते आहे हे दिसलं पाहिजे. नागरिकाचा खरा हक्क कामापुरतं बाहेर पडण्याचा नसून काम नसताना बाहेर असण्याचा आहे. त्यात धोका असेल तर तो पत्करायचा की नाही हे बाईनं ठरवावं, आणि धोका कमी करणारी व्यवस्था, म्हणजे दिवे, स्वच्छतागृहं, रात्रीच्या बसगाड्या, शहरानं द्यावी. हा हक्क नाक्यावरच्या त्या तरुणाला हाकलून मिळवायचा नाही, त्याच्यासकट मिळवायचा आहे.

इथे थांबून पद्धतीकडे बघा. बलात्कार, छेडछाड, गुन्ह्यांचे आकडे हे ‘घडलेल्या’ गोष्टींचे पुरावे आहेत. ‘बाई तिथे गेलीच नाही’ ही न घडलेली गोष्ट आहे आणि तिची नोंद कुठल्याच पोलीस ठाण्यात होत नाही. एखाद्या रस्त्यावर गुन्हे शून्य असतील तर तो रस्ता सुरक्षित आहे, किंवा तिथे कुणी बाई फिरकतच नाही. आकडा दोन्हीकडे सारखाच! हा फरक ओळखायला नुसती आकडेवारी पुरत नाही. तिथे जाऊन उभं राहावं लागतं, लोकांशी बोलावं लागतं.

मला स्वतःला हे पटायला वेळ लागला नाही. रात्री नऊनंतर वलवणच्या पाण्याकाठी मी आरामात उभी राहू शकते, कारण डोक्याला टॉर्च आणि हातात वही असते. कुणी विचारलं तर ‘संशोधन’ हा शब्द पुरतो. तीच मी, तीच जागा, पण वही नसेल तर? संशोधन हेसुद्धा एक ‘कारण’च आहे. तुम्ही उद्या क्षेत्रकामाला जाल तेव्हा लक्षात ठेवा, तुमची वही तुम्हाला काही दारं उघडून देते. ती दारं सगळ्यांना उघडी आहेत असं मात्र समजू नका.

लोणावळ्यात हा सिद्धांत टिकतो का?

कुठलाही सिद्धांत आवडला की त्याला त्याच्या गावाबाहेर नेऊन बघायचं. हे पुस्तक मुंबईचं आहे. आमच्याकडे काय होतं?

लोणावळा हे उगाच फिरण्यावर पोट भरणारं शहर आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरण, टायगर पॉइंट, जुना महामार्ग, सगळीकडे काहीही काम नसलेली माणसं उभी असतात. त्यात बायका भरपूर. धबधब्यात भिजतात, रस्त्याच्या कडेला भजी खातात, मोठ्यानं हसतात. म्हणजे सिद्धांत खोटा? अजिबात नाही. पर्यटक बाईकडे कारण आहे: ती ‘फिरायला आली आहे’. गाडी, हॉटेल, चिक्कीची पिशवी ही त्या कारणाची पावती. त्याच कठड्यापाशी मावळातल्याच एखाद्या गावची मुलगी दुपारभर टेकून उभी राहिली तर घरी फोन जातो. इथे उगाच उभं राहणं विकत मिळतं आणि गावच्या मुलीला ते उधारीवरही मिळत नाही.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. मुंबईत बाईवर पडणारी नजर बहुतेक वेळा अनोळखी असते. वलवणमध्ये ती ओळखीची असते. काका, शेजारी, भावाचा मित्र, दूधवाला. अनोळखी नजरेवर उपाय दिवा आणि गर्दी हा असू शकतो. ओळखीच्या नजरेला दिवा लावला तर तिला उलट जास्तच दिसतं! म्हणजे ‘रस्ते उजळवा, माणसं वाढवा’ ही शिफारस लहान गावात जशीच्या तशी चालणार नाही. याला आपल्या भाषेत निष्कर्षाची बाह्य वैधता म्हणतात: एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे नेताना यंत्रणा तीच आहे का, हे तपासणं. पुस्तकानं आपण मुंबईबद्दल बोलतोय हे लपवलेलं नाही. चूक होते ती आपली, जेव्हा आपण त्यातलं वाक्य उचलून तालुक्याच्या गावावर प्रबंध लिहितो.

तिसरी गोष्ट जातीची. वर्ग, धर्म, वय, लैंगिकता यांमुळे बाईचं शहर कसं बदलतं हे लेखिका दाखवतात. मला मात्र जात कमी पडलेली वाटली. पुणे विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये लावणी कलावंतांवर आणि १९९८ मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्यावर जे निबंध लिहिले, ते शेजारी ठेवून वाचा. काही जातींतल्या बायकांना सार्वजनिक जागा नाकारलेली नव्हती, ती त्यांच्यावर लादलेली होती. शेतात, रस्त्यावर, फडावर त्या होत्याच, आणि त्यांच्याकडे बघण्याचा हक्क इतरांनी गृहीत धरलेला होता. त्यांच्यासाठी घराचं दार बंद करता येणं हीसुद्धा मुक्ती असू शकते. ‘बाहेर पडण्याचा आनंद’ या कल्पनेला हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

‘बाई’ म्हणजे कोण, हे कुणी ठरवलं?

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. पुण्याहून लोणावळ्याला येणाऱ्या लोकलमध्ये बायकांचा डबा असतो. ‘व्हाय लॉइटर?’ वाचणारा विचारेल: या डब्यामुळे बायकांचा वावर वाढतो, की बाकीचे डबे आपोआप पुरुषांचे होतात? चांगला प्रश्न आहे. पण केस बारीक कापलेली, शर्ट-पँट घातलेली, आवाज जाड असलेली व्यक्ती त्या डब्यात चढली तर? तिला ‘हा लेडीज डबा आहे’ असं ओरडून सांगणाऱ्या बायकाच असतात. इथे नजर पुरुषाची नाही.

हा प्रश्न त्याच मुंबईत दुसऱ्या एका गटानं विचारला. ‘लेबिया’ हा क्वीअर स्त्रीवादी गट १९९५ साली ‘स्त्री संगम’ या नावानं सुरू झाला. त्यांच्या अभ्यासाचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि २०१५ मध्ये झुबान प्रकाशनानं ‘नो आउटलॉज इन द जेंडर गॅलक्सी’ हे पुस्तक काढलं. चार लेखकांपैकी एक चयनिका शाह, ज्यांचं मूळ शिक्षण भौतिकशास्त्राचं. विज्ञान शाखेतून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, दार बंद नाही.

या अभ्यासाची सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याचा निवडीचा निकष. त्यांनी ‘समलैंगिक स्त्रिया’ असा गट घेतला नाही. ‘जन्माच्या वेळी ज्यांना मुलगी ठरवलं गेलं अशा क्वीअर व्यक्ती’ असा घेतला. यांतल्या काही जणी स्वतःला बाई म्हणतात, काही पुरुष म्हणतात, काही दोन्ही नाकारतात. ५० व्यक्तींच्या सविस्तर जीवनकथा घेतल्या: घर, शाळा, नोकरी, नाती, सार्वजनिक जागा. निकष बदलला आणि दिसणारं चित्रच बदललं. ‘व्हाय लॉइटर?’ला दिसतं की बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. ‘जेंडर गॅलक्सी’ला दिसतं की स्वच्छतागृह आहे, पण दारावर दोनच चित्रं आहेत आणि आत जायचं की नाही हे चित्राकडे बघून ठरवावं लागतं. शहर तेच. मोजपट्टी वेगळी.

म्हणून माझा फडके, खान आणि रानडे यांच्या पुस्तकावरचा मुख्य आक्षेप असा: त्यात लैंगिकता येते, पण ती ‘बाईचा एक प्रकार’ म्हणून येते. ‘बाई’ हा मूळ घटक स्थिर राहतो आणि त्याला विशेषणं लागत जातात: गरीब बाई, मुसलमान बाई, समलैंगिक बाई. खुद्द तो घटकच रस्त्यावर, डब्यात, रांगेत रोज कसा ठरवला जातो, हा प्रश्न बाहेर राहतो.

न दिसणं म्हणजे नसणं नव्हे

दोन्ही अभ्यासांवर एक आक्षेप हमखास येतो: ‘नमुना किती लहान!’ त्याला उत्तर द्यायला मी माझे बेडूक आणते.

समजा एका डबक्यात बेडूक आहे आणि एका रात्री त्याचा आवाज ऐकू येण्याची शक्यता ०.३ आहे. मी तीन रात्री गेले. तीनही रात्री काहीच न ऐकू येण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे ०.३४३. बेडूक असूनही ३४ टक्के वेळा मी ‘नाही’ असं लिहीन. म्हणून आम्ही ‘आढळला नाही’ आणि ‘नाही’ हे दोन वेगळे रकाने समजतो.

आता हे माणसांना लावा. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सुरेश कुमार कौशल खटल्यात कलम ३७७ कायम ठेवलं. त्यातला एक युक्तिवाद असा होता की दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली दोनशेपेक्षा कमी लोकांवर खटले झाले, आणि ही लोकसंख्या अत्यल्प आहे. हा अगदी ‘आढळला नाही म्हणजे नाही’चा नमुना! खटल्यांची संख्या दडपणाचं मोजमाप होऊ शकत नाही. ज्याला भीती वाटते तो दिसतच नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेजसिंग जोहर खटल्यात घटनापीठानं तो निर्णय फिरवला.

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा ‘इतर’ हा पर्याय आला. देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ असा आकडा निघाला. आकडा उपयोगी आहे, पण तो कसा तयार झाला ते बघा. उत्तर बहुधा घरातली एकच व्यक्ती सगळ्यांच्या वतीनं देते. ज्या मुलाला किंवा मुलीला घरात बोलताच येत नाही, तिच्यासाठी वडिलांनी कुठला पर्याय सांगितला असेल? एड्स नियंत्रणासाठी झालेल्या मोजण्यांमध्ये पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आले, कारण निधी त्या कामासाठी होता. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका त्या मोजणीत येण्याचं कारणच नव्हतं. कुठलाही आकडा वाचताना आधी विचारा: हा कुणी, कशासाठी मोजला?

हाच नियम लेबियाच्या अभ्यासालाही लागतो, त्याला सूट नाही. अशा अभ्यासांत माणसं ओळखीच्या साखळीतून मिळतात. एकीनं दुसरीचं नाव सांगायचं, दुसरीनं तिसरीचं. ज्यांच्यापर्यंत साखळी पोचते ते कुठल्यातरी गटाच्या, मैत्रीच्या, इंटरनेटच्या जवळ असतात. आंदर मावळातल्या एखाद्या वाडीत, कुणालाही काहीही न सांगता जगणारी व्यक्ती या ५० मध्ये येणं अवघड. ५० हा आकडा ‘किती’ या प्रश्नाला उत्तर देत नाही. ‘कसं घडतं’ या प्रश्नाला देतो. ज्या प्रश्नासाठी नमुना घेतलाय तोच प्रश्न त्याला विचारा.

मग वलवणवर असा अभ्यास करायचा का?

इथे मला सावध राहावंसं वाटतं. ‘नाव बदलून ओळख लपवली’ असं वाक्य आपण प्रबंधात सर्रास लिहितो. मुंबईत ते बहुधा पुरतं. इथे नाही. कल्पना करा, मी लिहिलं: ‘वय २८, चिक्कीच्या दुकानात काम, दोन धाकट्या बहिणी, वडील रेल्वेतून निवृत्त.’ नाव कुठेच नाही, पण गावातला कुणीही दहा सेकंदांत ओळखेल. तपशील काढून टाकले तर ओळख लपते, पण मग वर्ग, काम, घर यांचं विश्लेषणही हातातून जातं. विदेचा कस आणि माणसाची सुरक्षा यांत निवड करायची वेळ आली तर माणूस आधी. प्रबंध पाच वर्षांत संपतो, त्या व्यक्तीला तिथेच राहायचं असतं. आचारसंहिता समितीचा अर्ज भरताना हा विचार तिथे लिहा, नुसतं ‘गोपनीयता राखली जाईल’ लिहून मोकळे होऊ नका.

पुढे काय झालं?

चांगल्या संशोधकाची खूण मला यात दिसते की प्रश्न त्याच्याबरोबर वाढतो. २०२३ साली फडके यांनी निथिला कनगसबाई यांच्याबरोबर ‘यारी’ हे मैत्रीवरच्या लेखनाचं पुस्तक संपादित केलं. उपशीर्षकातच स्त्रिया आणि क्वीअर माणसं एकत्र आहेत. २०११ मध्ये जो घटक ‘बाई’ होता, तो इथे सैल झाला. शिवाय अभ्यासाचं एकक व्यक्तीकडून नात्याकडे सरकलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कट्ट्यावर कुणी एकटं बसत नाही. उगाच उभं राहायला बरोबर कुणीतरी लागतं, आणि ते ‘कुणीतरी’ नवरा, भाऊ, वडील नसेल तर त्याला समाजात नावच नसतं. मैत्रीचा रकाना ना शिधापत्रिकेत, ना रुग्णालयाच्या अर्जात.

तरी एक उणीव राहते. ‘यारी’ हा अभ्यास नाही, संकलन आहे. जे लिहू शकतात तेच त्यात आहेत, आणि या सगळ्या पुस्तकांचा कारभार इंग्रजीत चालतो. मराठीत बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ आणि ‘इंद्रधनू’ ही पुस्तकं आहेत, पुण्यातल्या समपथिक ट्रस्टचं काम आहे. पण लहान गावातल्या सार्वजनिक जागांवर, मराठीत, इतक्या बारकाईनं विचार करणारं काम मला अजून हवं आहे. तुमच्यापैकी कुणाचा विषय ठरायचा असेल तर ही जागा मोकळी आहे.

सुरुवातीचा प्रश्न होता विषयाच्या आकाराचा. आता तुमच्या आराखड्याला हे चार प्रश्न विचारून बघा:

१. नेहमीच्या प्रश्नात उत्तर आधीच लपलेलं आहे का? असल्यास तो उलटा करून काय दिसतं?

२. माझा मूळ घटक (बाई, शेतकरी, विद्यार्थी, स्थलांतरित) कुणी ठरवला? निकष एका शब्दानं बदलला तर कोण आत येईल?

३. जे माझ्या नोंदीत नाहीत, ते नाहीत की आढळले नाहीत?

४. माझा प्रबंध ग्रंथालयात गेल्यानंतर त्यातल्या माणसांना त्याच गावात राहता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा अर्धवटच मिळेल. चालेल. ते अर्धवट आहे हे प्रबंधात स्वच्छ लिहा, आणि चौथ्याचं उत्तर ‘हो’ येत नसेल तर क्षेत्रकाम सुरू करू नका.